येशूचं पुनरुत्थान ख्रिस्ती विश्वासाला इतकं महत्त्वाचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न नव्याने विश्वासात आलेले, जन्मापासून मंडळीत असलेले आणि ख्रिस्ती नसलेले असे सगळेच विचारतात. उत्तरं एका विश्वासणाऱ्याने लिहिली आहेत, त्यामुळे ती तटस्थ नाहीत. जिथे इतिहासाची हद्द संपते आणि विश्वास सुरू होतो, तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

पुनरुत्थान म्हणजे ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात?

नासरेथकर येशूला यहूदीयाचा रोमी सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने वधस्तंभावर मारण्यात आलं. अरिमथाईकर योसेफाने त्याला कबरेत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला देहासह मेलेल्यांतून उठवलं. तो शिष्यांच्या आठवणीत जिवंत राहिला किंवा त्याचे विचार अमर झाले, एवढ्यावर हे थांबत नाही. जो मेला होता तोच उठला आणि तो आजही जिवंत आहे, असा हा दावा आहे.

पापांची क्षमा तर वधस्तंभावरच झाली. मग पुनरुत्थान नसतं तर काय बिघडलं असतं?

सगळंच बिघडलं असतं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हे आडपडदा न ठेवता लिहिलं आहे: ख्रिस्त उठवला गेला नसेल, तर तुमचा विश्वास निष्फळ आहे आणि तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. "पापांतच" हे त्याने विचारपूर्वक लिहिलं आहे. वधस्तंभ एकटा पुरेसा असता, तर त्याला असं म्हणताच आलं नसतं.

याचं कारण समजायला त्या शुक्रवारी संध्याकाळी यरुशलेमात काय चित्र होतं ते पाहावं लागतं. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात लिहिलं आहे की झाडावर टांगलेला मनुष्य देवाच्या शापाखाली असतो. येशूने देवाच्या नावाने पापांची क्षमा केली होती, देवाला पिता म्हटलं होतं, मंदिराबद्दल अधिकाराने बोलला होता. तोच आता खांबावर लटकत होता. पाहणाऱ्या धार्मिक माणसाने यातून एकच अर्थ काढला असता: देवाने याला नाकारलं. रोमनेही तेच ठरवलं होतं आणि मुख्य याजकांनीही. अम्माऊस गावाच्या वाटेवर चालणारे दोन शिष्य म्हणतात, इस्राएलाची मुक्तता करणारा तो हाच, अशी आमची आशा होती. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

पुनरुत्थानाने हा निकाल फिरवला. माणसांच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्याला देवाने निर्दोष ठरवलं, आणि तेव्हाच शिष्यांना कळलं की तो शाप त्याचा नव्हता, तो त्याने आपल्यासाठी सोसला होता. म्हणून रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधतो: तो आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावं म्हणून उठवला गेला. शुक्रवार काय होता, हे रविवारी कळलं.

त्या काळात मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला मुक्तिदाता, म्हणवणारे इतरही होते. शिमोन बार कोखबा याने इ.स. १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्ध मोठं बंड केलं आणि नामवंत लोकांनी त्याला मसीहा मानलं. तो मारला गेला आणि तो दावाही त्याच्याबरोबर संपला. मेलेला मसीहा म्हणजे खोटा मसीहा, हा साधा हिशोब होता. येशूच्या बाबतीत तो हिशोब चुकला, याचं काहीतरी कारण द्यावं लागतं.

येशूची शिकवण तर उत्तमच आहे. पुनरुत्थान बाजूला ठेवून ती पाळली तर?

शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू देऊ नका, क्षमा करा. हे कुणीही पाळलं तर चांगलंच आहे. ते पाळणाऱ्या, पण येशूला प्रभू न मानणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण ती शिकवण ज्याने दिली, तो स्वतःला तिच्यापासून वेगळं होऊ देत नाही. "मी तुम्हांस सांगतो" असं तो पूर्वीच्या नियमशास्त्राच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून वरच्या अधिकाराने बोलतो. शेवटच्या दिवशी न्याय आपण करणार, असं सांगतो. शिवाय शत्रूवर प्रेम करणारा माणूस बहुतेकदा मार खातो. येशूने खाल्लाच. मार खाऊन तो कबरेतच राहिला असता, तर त्याची शिकवण सुंदर पण हरलेली ठरली असती, आणि ती पाळा असं दुसऱ्याला सांगणं क्रूरपणाच झाला असता. पौलालाही हे दिसत होतं. मेलेले उठत नसतील तर "खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचं आहे", असं तो लिहितो.

येशूने लाजरालाही मेलेल्यांतून उठवलं होतं. मग येशूचं वेगळं काय?

लाजर, याइराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा हे तिघंही आपल्या पूर्वीच्या आयुष्यात परतले आणि पुढे कधीतरी पुन्हा मेले. योहान तर आपल्या शुभवर्तमानात सांगतो की मुख्य याजकांनी लाजरालाही जिवे मारायचा बेत केला होता. म्हणजे त्याला मारणं शक्य होतं.

योहानाने दोन्ही कबरींचं वर्णन केलं आहे, ते शेजारी ठेवून वाचावं. लाजर बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले असतात, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो. इतरांना ते सोडावं लागतं. येशूच्या कबरेत त्याचा शिष्य पेत्र शिरतो तेव्हा तागाची वस्त्रं तिथेच पडलेली असतात आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला कुणी सोडवावं लागलं नाही. तो मरणाच्या पलीकडे निघून गेला. पौलाच्या शब्दांत, त्याच्यावर यापुढे मरणाची सत्ता नाही.

हे पुनर्जन्मासारखंच झालं का?

नाही. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव एक देह सोडून दुसरा घेतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच्या त्याच ओळखीसह, एकदाच आणि कायमचा उठतो. येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. देहातून सुटका हे इथे ध्येय नाही, देहाचाच उद्धार आहे.

आत्म्याच्या अमरत्वाशीही याची गल्लत होते, आणि ती ख्रिस्ती लोकांकडूनच जास्त होते. "आत्मा देवाघरी गेला" म्हणून आपण थांबतो. पवित्र शास्त्राची आशा तिथे थांबत नाही. अथेन्समध्ये पौल पुनरुत्थानाबद्दल बोलला तेव्हा काही जणांनी त्याची थट्टा केली. आत्मा टिकतो एवढंच तो सांगत असता, तर त्या शहरात बहुतेकांना त्यात हसण्यासारखं वाटलं नसतं.

शुक्रवार ते रविवार हे तीन दिवस कसे?

यहुदी मोजणीत दिवसाचा भागही दिवस धरतात. शुक्रवार दुपार, शब्बाथ आणि रविवारची पहाट मिळून तिसरा दिवस होतो.

याचा सर्वांत जुना तपशीलवार लेखी पुरावा कोणता?

बऱ्याच जणांना वाटतं की शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची येशूबद्दलची चार पुस्तकं. पण त्यांच्याही आधीचं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र आहे. ते त्याने इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं. येशूला वधस्तंभावर दिलं गेलं ते साधारण इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. म्हणजे मधलं अंतर वीस-पंचवीस वर्षांचं.

त्या पत्रातल्या पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, कैफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बारा जणांना दिसला. या ओळी पाठ करण्यासाठी बांधलेल्या वाटतात. पौलाच्या आधीपासून त्या मंडळीत म्हटल्या जात असाव्यात, असं पुनरुत्थान न मानणारे अनेक अभ्यासकही मान्य करतात. पौलाला त्या कुठून मिळाल्या असतील याचा अंदाजही बांधता येतो. गलतीकरांस पत्रात तो लिहितो की परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, कैफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. त्या पंधरा दिवसांत ते दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत बसले नसणार.

पुढे तो आणखी साक्षीदार सांगतो. पाचशेहून अधिक बंधूंना येशू एकाच वेळी दिसला आणि त्यातले बहुतेक आजपर्यंत हयात आहेत, असं तो लिहितो. म्हणजे शंका असेल तर जाऊन विचारा. मग याकोब, मग सर्व प्रेषित आणि शेवटी तो स्वतः.

तो फक्त आपल्याच माणसांना दिसला ना? मग त्या साक्षीला काय किंमत?

यादीतली दोन नावं पाहा. पौल मंडळीचा छळ करणारा होता. दिमिष्काला तो विश्वासणाऱ्यांना बांधून आणायला निघाला होता. याकोब येशूचा भाऊ, पण योहान सांगतो की येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इ.स. ६२ मध्ये मारला गेला. त्याच्या मृत्यूची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. सख्ख्या भावाला "प्रभू" म्हणायला माणसाला किती मोठं कारण लागेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शिष्यांनी देह चोरला असेल, येशू बेशुद्ध असेल किंवा त्यांना भास झाला असेल, असं का नाही?

देह चोरल्याचा आरोप जुनाच आहे. मत्तयाने तो आपल्या शुभवर्तमानात स्वतःच नोंदवला आहे. त्यातून एवढं दिसतं की कबर रिकामी होती हे विरोधकांनाही नाकारता येत नव्हतं, वाद ती रिकामी कशी झाली यावर होता. आणि स्वतः रचलेल्या खोट्यासाठी माणसं वर्षानुवर्षं फटके आणि तुरुंग सोसत नाहीत.

बेशुद्धीची कल्पना टिकत नाही. डाविड स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने चमत्कार मानले नाहीत, तरी १८६४ मध्ये त्यानेच ती निकालात काढली. कबरेतून अर्धमेला सरपटत आलेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस शिष्यांना मृत्यूचा विजेता कसा वाटेल, असा त्याचा मुद्दा होता.

वधस्तंभावर मारलेल्यांना कबर मिळतच नसे, असंही म्हटलं जातं. बहुतेकांना मिळत नसेलही. पण १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या एका कबरीत यहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी दगडी पेटीत सापडल्या आणि टाचेच्या हाडात लोखंडी खिळा रुतलेला होता. अशा माणसाला रीतसर पुरलं जाणं शक्य होतं, एवढं त्यावरून ठरतं.

भासाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. शोकात बुडालेल्यांना गेलेलं माणूस दिसतं, त्याचा आवाज ऐकू येतो, हे खरं आहे. पण त्या अनुभवातून माणूस "ते गेले, तरी जवळ आहेत" असं म्हणतो. "कबर रिकामी झाली" असं म्हणत नाही. शिवाय त्या काळच्या यहुद्यांची अपेक्षा वेगळी होती. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते, माझा भाऊ शेवटच्या दिवशी पुनरुत्थानाच्या वेळी उठेल. सगळे एकदम, जगाच्या शेवटी, अशीच ती आशा होती. सदूकी पंथाचे यहुदी तर तीही मानत नसत. इतिहास चालू असताना मध्येच एकटा माणूस उठेल, हे कुणाच्या मनात नव्हतं. मनात जे नव्हतं त्याचाच भास सगळ्यांना झाला, असं मानणं मला जड जातं.

इतक्यावर इतिहास थांबतो. काहीतरी घडलं आणि ते घाबरलेल्या माणसांना उभं करण्याइतकं मोठं होतं, इथवर तो आणतो. देवाने येशूला उठवलं, हे पुढचं पाऊल विश्वासाचं आहे.

चार शुभवर्तमानांत तपशील वेगळे का?

वेगळे आहेत, हे आधी मान्य करू. कबरेकडे गेलेल्या स्त्रिया मत्तयात दोन आहेत, मार्कात तीन. योहान एकट्या मग्दालीया मरीयेबद्दल बोलतो. देवदूत कुठे एक, कुठे दोन. मत्तय गालीलातल्या भेटीवर भर देतो, लूक यरुशलेमातच राहतो. यातल्या प्रत्येक फरकाची ओढूनताणून जुळणी करणारी पुस्तकं आहेत. मला त्यांची गरज वाटत नाही. चारही जण ज्यावर एक आहेत ते पुरेसं आहे: आठवड्याचा पहिला दिवस, भल्या पहाटे, योसेफाची कबर, सरकवलेली धोंड, स्त्रिया, आणि आत देह नाही.

मार्काचा शेवट वेगळाच आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतो: स्त्रिया थरथरत पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची वचनं नंतर जोडलेली असावीत.

आणि प्रत्यक्ष पुनरुत्थानाच्या क्षणाचं वर्णन चौघांपैकी कुणीही केलेलं नाही. कथा रचणाऱ्याने तोच प्रसंग सर्वांत रंगवून लिहिला असता.

स्त्रियांच्या साक्षीला एवढं महत्त्व का दिलं जातं?

स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असं योसेफसाने लिहून ठेवलं आहे. खुद्द प्रेषितांनाही त्या स्त्रियांचं बोलणं वायफळ वाटलं, असं लूक सांगतो. लोकांना पटावी म्हणून गोष्ट रचायची असती, तर कबरेवर पहिल्यांदा पेत्राला पाठवलं असतं. चौघांनीही स्त्रियांनाच पाठवलं, कारण तसंच घडलं होतं. ज्यांचा शब्द न्यायालयात चालत नव्हता त्यांच्या तोंडी देवाने ही बातमी पहिल्यांदा दिली, हे मंडळीने जेवढं मनावर घ्यायला हवं होतं तेवढं घेतलेलं नाही.

"तो शिष्यांच्या हृदयात उठला" असं मानलं तर चालणार नाही का?

लूक सांगतो की येशू शिष्यांसमोर उभा राहिला तेव्हा त्यांना भूत वाटलं. त्याने हातपाय दाखवले. तरी पटेना, तेव्हा खायला काही आहे का असं विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. त्याच वेळी तो बंद दारांआड प्रकट होतो आणि अम्माऊसच्या वाटेवर ओळखूही येत नाही. देह तोच, पण बदललेला.

देहाचा आग्रह धरायचा तो यासाठी की देवाने निर्मिती चांगली म्हटली आहे. पुनरुत्थान नुसतं मनातलं असेल, तर भूक, आजार, छळलेली शरीरं, उद्ध्वस्त जमीन यांना देवाकडून काहीच उत्तर नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल संपूर्ण सृष्टीच नाशाच्या दास्यातून मुक्त होईल असं म्हणतो. ती आशा येशूच्या देहावर टेकलेली आहे.

रोजच्या जगण्यात याने काय फरक पडतो?

योहानाच्या एकविसाव्या अध्यायातला समुद्रकाठचा प्रसंग पाहा. रात्रभर जाळी टाकून काही मिळालेलं नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू उभा आहे आणि त्याने कोळशांचा विस्तव पेटवला आहे. वर मासळी आहे, भाकर आहे. कोळशांचा विस्तव योहानात याआधी एकदाच येतो: प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं. इथे विस्तवाजवळच जेवण होतं आणि त्यानंतर येशू तीनदा विचारतो, माझ्यावर तू प्रीती करतोस काय? "त्या रात्री असं का केलंस", हा प्रश्न येत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याला काम सोपवतो: माझी मेंढरं सांभाळ.

मेलेला गुरू हे करू शकत नाही. त्याच्या आठवणीने पेत्र आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिला असता. जो जिवंत आहे तोच समोर बसून क्षमा करू शकतो. माझ्यासाठी पुनरुत्थानाचं महत्त्व सगळ्यात जास्त इथे आहे.

दुसरी गोष्ट कामाची. पुनरुत्थानावरचा तो प्रदीर्घ अध्याय पौल कसा संपवतो? प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असं म्हणून. आणि लगेच पुढच्या वाक्यात यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी वर्गणी जमवायच्या सूचना सुरू होतात: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काही बाजूला ठेवावं. त्याच्या लेखी मरणावरचा विजय आणि मदतीसाठी बाजूला काढलेले पैसे एकाच ओघातले होते.

उपासना रविवारी का आणि ईस्टरची तारीख का बदलते?

येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून रविवार. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने हेच कारण लिहून ठेवलं आहे. पहिले विश्वासणारे शब्बाथ पाळत वाढलेले यहुदी होते, हे ध्यानात घेतलं तर हा बदल किती मोठा होता ते कळेल. ईस्टर वल्हांडण या यहुदी सणाशी आणि म्हणून चंद्राशी जोडलेला आहे: वसंतसंपाताच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. संपात २१ मार्चला धरतात, त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान पडते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात, म्हणून त्यांचा दिवस बहुधा वेगळा येतो.

ज्यांचा देह जळाला, बुडाला किंवा सापडलाच नाही त्यांचं काय?

इ.स. १७७ मध्ये ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांना मारल्यावर त्यांचे देह जाळून राख रोन नदीत टाकण्यात आली, म्हणजे त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये. त्यांच्या मंडळीचा विश्वास त्याने ढळला नाही. पौल बी पेरण्याचा दाखला देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवणारं अंग देव देतो. आपल्याला ओळखणं आणि उठवणं हे देवाचं काम आहे, आणि त्यासाठी त्याला आपली हाडं जपून ठेवलेली लागत नाहीत.

मग विश्वासणाऱ्याने आपलं माणूस गेल्यावर रडू नये का?

रडावं. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पौल थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असं सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं सांगतो. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शोक करणाऱ्याला "ते सुटले, आता रडायचं कशाला" असं सांगणं ख्रिस्ती सांत्वन नव्हे.

मला हे मानावंसं वाटतं, पण शंका जात नाहीत. काय करू?

थोमा या शिष्याने पाहिल्याशिवाय मानणार नाही असं सांगितलं, तरी आठवडाभर तो इतर शिष्यांबरोबरच होता आणि त्यांनी त्याला हाकललं नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात तर अकरा शिष्य डोंगरावर उठलेल्या येशूला पाहून नमन करतात आणि "कित्येकांना संशय वाटला" असं तिथेच लिहिलेलं आहे. त्यांना बाजूला काढून मग येशूने बाकीच्यांना जगभर पाठवलं नाही, सगळ्यांनाच पाठवलं. वाचायला सुरुवात करायची तर आधी लूकाचा चोविसावा अध्याय घ्या, मग योहानाचे शेवटचे दोन, आणि त्यानंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा. एका बैठकीत तासाभरात होतं. प्रश्न पडतील ते लिहून ठेवा आणि ज्याला हे मानणं कधीच सोपं गेलं नाही अशा एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्यापुढे मांडा.